मदत हवी आहे: मोरजीचे पक्षी आणि दुधाळ फोटो

खाडीकाठ
काल सकाळी पक्षी बघायला गेलो. धुकं इतकं की पाण्याची कड दिसेना. वाळूवर बारक्या पक्ष्यांचा मोठा थवा, पाठ तपकिरी, पोट पांढरं. फोटो सगळे दुधाळ. पक्षी कोणता आणि फोटो का बिघडले, दोन्ही सांगा. उद्या पहाटे परत जायचंय, जरा लवकर.

तिसवाडीकर
गेलात कुठे? गोव्याला शंभरेक किलोमीटर किनारा आहे. भरती होती की ओहोटी?

खाडीकाठ
शीर्षकात मोरजी लिहिलंय की! शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे. भरतीचं बघितलं नाही.

दुर्बीणवाला
तेच आधी बघायचं. ओहोटीला पक्षी लांबवर पांगतात, पाणी चढलं की वाळूच्या पट्ट्यावर गोळा होऊन बसतात. भरतीच्या तासभर आधी पोचा. आणि कॅमेरा घरी ठेवा. हल्ली लोक किनाऱ्यावर फोटो काढतात आणि पक्षी घरी येऊन बघतात.

मोगरा७
काकांचं दर वेळी हेच! खाडीकाठ, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, एक्स्पोजर 1 स्टॉप वर न्या, म्हणजे उजेड दुप्पट. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, पांढऱ्याचं करडं करतो.

दुर्बीणवाला
तो दुधाळ म्हणतोय, काळपट नव्हे. आणखी किती पांढरं करणार?

चोडणची वाट
मोरजी सोडा, चोडण बेटावर या. रायबंदरहून फेरीबोट, उतरलात की डॉ. सलीम अली अभयारण्य. खारफुटीत कॉलर्ड किंगफिशर दिसतो.

मोगरा७
चोडणचं कुणी विचारलंय?

रापणकार
मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वनखात्याने दोरी बांधलेल्या जागेत धुक्यात चुकून शिरू नका. आणि थव्यामागे कुत्रे सोडणाऱ्यांना कुणीतरी आवरा रे.

तिसवाडीकर
कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत होता का?

खाडीकाठ
हो, गाडीतही एसी होता. त्याचा काय संबंध? ऊन पडल्यावरचे फोटो बरे आलेत.

तिसवाडीकर
संबंध तोच. गार काच दमट हवेत आली की पाणी धरते. पुसलं तरी परत धरते. पिशवीची चेन न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा, गाडीच्या काचा खाली करा. एवढं करून जे धूसर राहील ते खरं धुकं, त्याला लेन्स बदलून उपयोग नाही. थांबायचं.

दुर्बीणवाला
पक्ष्याचं सांगतो. मानेमागे पांढरी पट्टी असेल तर केंटिश चिखल्या, नसेल तर लेसर सँड प्लोवर, तोही चिखल्याच, धरा. या दिवसांत सँड प्लोवरच्या छातीवर तांबूस रंग चढू लागतो. लाटेच्या पुढेमागे पळत होते का? तर सँडरलिंग, पण त्याची पाठ फिकट राखाडी.

मोगरा७
लेसर आता एक राहिला नाही काका. तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन जाती केल्यात.

दुर्बीणवाला
धुक्यात तुला तिबेट दिसतोय?

रापणकार
ग्रेटर सँड प्लोवरही असतो तिथे. चोच लांब.

खाडीकाठ
अहो, पण नक्की कोणता?

मोगरा७
फोटो टाका की आधी! उन्हातले.