'विचारल्यास डेटा देऊ': ही ओळ आता बंद करायची का?

परळचा_आकडेबाज (धागाकर्ता)

वैद्यकीय जर्नलमधला कुठलाही पेपर उघडा. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते: वाजवी कारणासाठी विचारणा केल्यास लेखक डेटा उपलब्ध करून देतील. एका गटाने ही ओळ किती खरी हे तपासूनच पाहिलं, २०२२ साली ते छापून आलं. असं कबूल केलेल्या १,७९२ पेपरांच्या लेखकांना त्यांनी पत्रं पाठवली. ९३ टक्क्यांनी एक तर उत्तर दिलं नाही, नाहीतर सरळ नाही म्हणून कळवलं.

माझं म्हणणं: पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात, लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन असेल तर नावं काढलेला मूळ तक्ता पेपरसोबत त्याच दिवशी खुला व्हायला हवा. कुठल्या कॉलमचा अर्थ काय याचं टिपण त्यासोबत हवं. 'मागा, मग बघू' नको.

आपल्याच मुंबईचं उदाहरण घ्या. जुलै २०२०मध्ये एफ-उत्तर, एम-पश्चिम आणि आर-उत्तर या तीन वॉर्डांत कोरोनाच्या अँटीबॉडीचा सर्व्हे झाला. पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) त्यात होते. बातमी आली की झोपडवस्त्यांमध्ये ५७ टक्के आणि इमारतींमध्ये १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला. पुढे पेपर आला, त्यात वस्त्यांचा आकडा ५४ होता आणि टेस्टमधून संसर्ग झालेले काही जण निसटतात हे धरलं की तो ५८च्या आसपास जातो. एकाच सर्व्हेचे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. पण कुठल्या गृहीतकावर कुठला आकडा येतो हे स्वतः करून बघायचं असेल तर हातात तक्ता लागतो. त्या ५७वरून तेव्हा व्हॉट्सॅपवर काय काय फिरलं ते आठवत असेलच.

तक्ता न बघता छापलं की काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. २२ मे २०२०ला लॅन्सेट या जर्नलमध्ये पेपर आला, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध कोरोनाच्या रुग्णांना घातक ठरतं. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. लोकांनी मूळ डेटा मागितला, तर तो पुरवणारी सर्जिस्फिअर ही कंपनी तो त्रयस्थ तपासनिसांनाही देईना. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. तेरा दिवसांचा खेळ.

---

केसपेपर_वाली

आकडेबाज काका, तत्त्व मान्य. पण तो 'मूळ तक्ता' आकाशातून पडत नाही हो.

मी पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) आहे, पालिकेच्याच कॉलेजात. आमच्याकडे तक्ता असा तयार होतो: रेकॉर्ड रूममधून केस पेपरचे गठ्ठे काढायचे, त्यातले अर्धे दुसऱ्याच वर्षाच्या गठ्ठ्यात. वजन एका पानावर ४२, दुसऱ्यावर २४, दोन्ही एकाच दिवसाचं. अक्षर हाउसमनचं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरचं, त्यामुळे 'निगेटिव्ह' की 'नॉट डन' हे त्यालाच फोन करून विचारायचं, तोवर तो भिवंडीला दवाखाना टाकून बसलेला. हे सगळं ओपीडी आणि कॅम्प सांभाळून, रात्री. ज्या दिवशी पेपर आला त्याच दिवशी मी तो तक्ता जगाला देऊन टाकला, तर ज्याच्याकडे भारी सॉफ्टवेअर आणि रिकामी दुपार आहे तो त्यातून आणखी चार पेपर काढेल. माझा दुसरा पेपर राहील ड्राफ्टमध्ये.

२०१६मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या संपादकीयात दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना 'परजीवी' म्हणतात अशी भाषा आली, त्यावरून जगभर शिव्या बसल्या. भाषा वाईटच होती. पण रेकॉर्ड रूममध्ये एकदा धूळ खाल्लेल्या माणसाला विचारा, त्याला राग समजेल.

दोन वर्षं आमची, मग तुमची. एवढं ठेवलंत तर मी तुमच्या बाजूने.

---

लोकल_प्रवासी

थोडक्यात, डेटा सगळ्यांना हवाय, साफ कोणालाच करायचा नाहीये. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

गोवंडी_स्टेशन_रोड

दोघांनाही विरोध. दोन वर्षांनी दिला काय नि दोन दिवसांनी दिला काय, 'नावं काढलेला' या दोन शब्दांवर तुमचा भरवसा जरा जास्तच आहे.

समजा, टीबीच्या अभ्यासातली एक ओळ अशी आहे. वय ३४. स्त्री. वॉर्ड एफ-दक्षिण. व्यवसाय: बस कंडक्टर. निदान: एक्सडीआर (बहुतेक औषधांना दाद न देणारा टीबी). उपचार सुरू: मार्च. यात नाव कुठे आहे? कुठेच नाही. आता ही ओळ त्या डेपोत कोणाच्या हातात द्या. चहा संपायच्या आत नाव सांगतील. मार्चपासून रजेवर कोण आहे हे डेपोत सगळ्यांना माहीत असतं.

लटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने हे फार आधी आकड्यांत मांडलंय: जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकटी उघडी पडू शकतात. आपल्या एका पिनकोडात जास्त माणसं येतात हे मान्य. पण आपल्याकडे मतदार यादी आहे. घर क्रमांक, वय, लिंग, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, सगळं पीडीएफमध्ये. ती कोणीही उतरवून घेतो.

आमच्या भागात टीबी म्हणजे नुसता आजार नसतो. मुलीचं लग्न मोडतं, खोली खाली करायला सांगतात. तुमचा पेपर तपासून बघायची हौस एकीकडे, तिची भाड्याची खोली दुसरीकडे.

---

परळचा_आकडेबाज

@गोवंडी, कंडक्टरचा मुद्दा मान्य, पण तो डेटा लपवायचा मुद्दा नाही, तक्ता नीट बनवायचा आहे. ३४ ऐवजी '३० ते ३९' लिहा. महिन्याऐवजी तिमाही. वय, लिंग आणि वॉर्ड मिळून ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत तिथे वॉर्ड झाका. हे काम जगभर रोज चालतं.

@केसपेपर, दोन वर्षं जास्त होतात, साथीत तर फारच. कोरोनाचा जीनोम (विषाणूचा जनुकीय आराखडा) जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांसमोर आला, म्हणून महिन्याभरात टेस्ट किट बनली. तिथे कोणी 'आधी आमचा पेपर' म्हणत बसलं असतं तर?

अवांतर: आमच्या परळचा हाफकीन आठवा, प्लेगची लस बनवणारा. १९०२मध्ये पंजाबात मुलकोवालला प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळी एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकीन निलंबित. पुढे इतर शास्त्रज्ञांनी पुरावा नव्याने चाळला, तेव्हा लक्ष वेधलं ते बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याने, म्हणजे घाण मुंबईत नाही, तिथे गावातच शिरली असावी. १९०७ साली रोनाल्ड रॉससकट दहा जणांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याच्या बाजूने पत्र लिहिलं. बाटलीगणिक नोंद होती, आणि ती बाहेरच्यांनी वाचली, म्हणून माणूस सुटला.

---

केसपेपर_वाली

जीनोम विषाणूचा असतो काका, त्याला भाड्याची खोली सोडावी लागत नाही. माझ्या थीसिसमधल्या बायकांना लागते.

---

देवनारची_माजी_विद्यार्थिनी

मी आयआयपीएसची (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था). राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आमच्या देवनारच्या संस्थेतून चालतं. पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरं. घराघराचा तक्ता, नावं काढून, वर्षानुवर्षं मोफत मिळत आलाय: नाव नोंदवायचं, कशासाठी हवाय ते लिहायचं, मंजुरी आली की उतरवून घ्यायचा. म्हणजे 'भारतात हे जमणार नाही' म्हणणाऱ्यांनी आधी चेंबूरपर्यंत येऊन बघावं.

पण गोवंडीकर म्हणतात त्यातही दम आहे. या सर्वेक्षणात घरांच्या समूहाचा नकाशावरचा बिंदू मुद्दाम सरकवतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत आणि खेड्यात पाच, क्वचित त्याहून जास्त. खेड्यात ठीक आहे. मुंबईत दोन किलोमीटर म्हणजे काय? धारावीचा बिंदू शिवाजी पार्कात जाऊन पडतो. माणूस लपला, पण त्या बिंदूवरून वस्तीच्या पाण्याबद्दल, गटाराबद्दल काही म्हणायची सोय गेली. इतक्या दाटीच्या शहरात माहिती झाकली की ती निकामी होते आणि उघडी ठेवली की अंगाशी येते. आकडेबाज काकांचं 'पाचपेक्षा कमी असेल तिथे झाका' ऐकायला सोपं आहे, करून बघा.

दुसरं, ज्याकडे इथे कोणी बघतच नाहीये. हा तक्ता ठेवला होता कुठे? अनेक देशांतल्या आरोग्य सर्वेक्षणांचा डेटा सांभाळणाऱ्या, तेव्हा अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाच्या सर्व्हरवर. २०२५च्या फेब्रुवारीत तिकडची मदत थांबली, काम ठप्प झालं आणि नव्या लोकांचे अर्ज अडकले. उत्तर गोळा केलं मानखुर्दच्या बाईकडून, आणि ते मिळणार की नाही हे ठरलं वॉशिंग्टनमध्ये. इंडोनेशियाने २००७ साली बर्ड फ्लूचे नमुने द्यायला नकार दिला तो याच रागातून: नमुने आमचे, लस तुमची, आणि ती आम्हाला परवडणार नाही. २०११मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला.

खुलं करा, पण कपाट आपल्या घरात हवं. फरिदाबादला २०२२पासून जैविक डेटाचं राष्ट्रीय केंद्र आहे. जीनोमसाठी ते ठीक. केस पेपरच्या तक्त्यांसाठी तसं काही कोणी उभं करणार आहे का?

---

अॅड_माहीमकर

मी एका एथिक्स कमिटीवर (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवर) बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यामुळे थोडं बोलते.

'कायदा आडवा येतो' हे कारण मी दर बैठकीत ऐकते, ते खरं नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात संशोधनाला सूट आहे. अट एवढीच की त्या माहितीवरून विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. अडतं ते संमतीपत्रावर. 'ही माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल' असं छापून सही घेतलेली असते. मग पाच वर्षांनी जर्नल म्हणतं डेटा टाका. कसा टाकणार? शब्द दिलाय तुम्ही त्या माणसाला.

---

सेविकेचा_मुलगा

माझी आई हेल्थ पोस्टची, म्हणजे पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राची, आरोग्य सेविका. तुमच्या सगळ्यांच्या तक्त्यातली पहिली ओळ तीच भरते. लोक दार उघडतात ते तिच्याकडे बघून, तुमच्या संस्थेच्या नावाकडे बघून नाही.

खुला कोणासाठी, हा माझा प्रश्न आहे. सर्व्हे झाला, रक्त घेतलं, पेपर लंडनला छापला, आता तक्ता सगळ्या जगाला. आणि वस्तीला? आईला बायका अजून विचारतात, ताई, त्या रक्ताचं काय निघालं? तिच्याकडे उत्तर नाही, कारण तिला कोणी सांगितलेलंच नाही. वॉर्डात टीबीचे किती रुग्ण हे कळायला संस्थांना आरटीआय टाकावे लागतात. आधी एक पान मराठीत आणि एक हिंदीत हेल्थ पोस्टच्या भिंतीवर लावा, मग सर्व्हरचं बघा.

---

परळचा_आकडेबाज

भिंतीवरचं पान हवंच, त्याला कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही. पण ते आधी आणि तक्ता नंतर असं का? ते पान तरी बरोबर आहे का, हे तपासणार कोण? लेखकच ना?

माहीमकर ताई, नव्या अभ्यासांसाठी संमतीपत्रात काय लिहावं ते इथेच लिहून द्या. वाद घालायला काहीतरी हातात येईल.

---

अॅड_माहीमकर

कच्चा मसुदा:

'तुमचं नाव, पत्ता, फोन आणि जन्मतारीख काढून उरलेली माहिती इतर संशोधकांना वापरायला दिली जाऊ शकते. कोणाला द्यायची हे एक समिती ठरवेल. माहिती विकली जाणार नाही. एकदा दिलेली माहिती परत घेता येणार नाही. हे नको असेल तर इथे खूण करा. तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.'

---

सेविकेचा_मुलगा

आईला वाचून दाखवलं. दोन प्रश्न आले. समिती म्हणजे कोण, त्यात वस्तीतलं कोणी आहे का? आणि औषध कंपनीवाला 'इतर संशोधक' होतो का?

---

अॅड_माहीमकर

पहिल्यावर: असायला हवं, आणि ते मसुद्यात लिहायला हवं. दुसऱ्यावर: होतो. कंपन्यांना वगळायचं तर तसं स्पष्ट लिहावं लागेल, पण लस बनवणाऱ्याही कंपन्याच असतात. सरसकट वगळायला माझा विरोध राहील.

---

केसपेपर_वाली

हे सगळं नव्या अभ्यासांचं. माझ्यासारख्यांचं काय, ज्यांनी जुने केस पेपर काढून काम केलं? तिथे संमती नव्हतीच, कमिटीने माफ केली होती.

---

अॅड_माहीमकर

माफी विश्लेषणापुरती होती, वाटण्यासाठी नाही. पुन्हा कमिटीकडे यावं लागेल. झाकलेला तक्ता आणि कोणते कॉलम राहणार त्याची यादी घेऊन या. आम्ही नाहीच म्हणू असं नाही.

---

केसपेपर_वाली

अर्ज टाकते. पण गंमत बघा. झाकायचं म्हटलं की सगळ्यात आधी वॉर्ड जाणार, आणि माझा पेपरच वॉर्डावॉर्डांतल्या फरकावर आहे. वॉर्ड काढला तर काकांनी काय तपासायचं, टक्केवारीची बेरीज?

---

परळचा_आकडेबाज

वॉर्ड ठेवा, व्यवसाय काढा.

---

गोवंडी_स्टेशन_रोड

काढा. वयोगट, लिंग, वॉर्ड आणि निदान एवढंच ठेवून मोजा, किती ओळी एकट्या उरतात. आकडा इथेच टाका, मग बोलू.