डिश बसवली म्हणजे गाव जोडलं गेलं का?

धारणीचा मास्तर
परवा इथंच हिंजवडीकर यांनी लिहिलं : राज्य सरकारनं 5 नोव्हेंबर 2025 ला उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी हातमिळवणी केली, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमचं नाव त्यात आहे, आता ‘रेंज नाही म्हणून काम झालं नाही हे रडगाणं थांबेल’. रडगाणं म्हटलेलं झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितो.

एक तर तो करार नाही, इरादापत्र आहे. आणि घोषणांची आम्हाला सवय आहे. मेळघाटातल्या आमच्याच धारणी तालुक्यातलं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्ट आली, टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट, टेलिमेडिसिन, सगळं आलं. 2019 च्या निवडणुकीत त्याच गावाची अवस्था राज ठाकरे यांनी भरसभेत पडद्यावर दाखवली. यंत्रं बसवल्यावर ती सांभाळायची कुणी, हाच प्रश्न.

आता माझ्या ओळखीच्या एका कोरकू मावशीचं ऐका. तिच्या गावात रेंज आहे. दोन काड्या, पण आहे. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये चालू राहावेत म्हणून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची होती. आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा परतवाड्याला बांधकामावर, रिचार्ज थांबलं, सिम बंद पडलं, त्यानं नवं घेतलं. जुना नंबर आता कुणा तिसऱ्याच्या खिशात आहे, ओटीपी तिकडं जातो. नंबर बदलायला तिला आधार केंद्रावर स्वतः जावं लागलं, शुल्क 75 रुपये. त्या दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडं वेगळं. आणि एवढं करून केवायसीच्या दुकानात 100 रुपये मोजले, जी सरकार फुकट म्हणतं. ही बाई आकाशातल्या कुठल्या डिशनं जोडली जाणार?

माझं म्हणणं एवढंच. आधी गावात पगारी माणूस बसवा आणि कागदावर काम करून देणारी खिडकी उघडी ठेवा. डिश त्यानंतर.

हिंजवडीकर
मास्तर, शब्द कडक होता, मान्य. मुद्दा मागे घेत नाही. मी जन्मानं हिंजवडीचा नाही, अहेरीचा आहे. माझा मामा भामरागडला आरोग्य खात्यात होता. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागड तुटतं, हे दरवर्षीचं. वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग फोन मुका. एकदा अडलेल्या बाईला घेऊन मामा आणि आशाताई रात्रभर बसून राहिले, आलापल्लीच्या डॉक्टरला नुसतं विचारायचं होतं काय करू, तेवढाही फोन लागला नाही. बाई वाचली, बाळ नाही वाचलं. तिथं तुमचा पगारी माणूस हजर होताच की! नव्हता तो फोन.

गावोगावी फायबर केबल टाकायच्या सरकारी योजनेची वाट बघा म्हणाल तर 2011 पासून बघतोय. आधी त्याचं नाव एनओएफएन, मग भारतनेट, 2023 ला पुन्हा 1,39,579 कोटींची मंजुरी. रस्ता रुंद करायला घेतला की जेसीबीचा पहिला घाव केबलवरच. उपग्रहाला रस्ता लागत नाही.

धारणीचा मास्तर
मामांच्या प्रसंगावर मी वाद घालणार नाही. उपकेंद्रात डिश द्या, सौर पॅनेलसकट द्या, माझा विरोध नाही. पण महिन्याचं बिल कोण भरणार ते त्या इरादापत्रात शोधून दाखवा.

केंद्रचालक_अक्कलकुवा
मास्तर, ‘केवायसीच्या दुकानात’ हे वाचून डोकं फिरलं. आम्ही दुकानदार काय? माझं सरकारी सेवांचं केंद्र आहे, आयडी आहे. लॅपटॉप माझा, प्रिंटर माझा, इन्व्हर्टर माझा, अंगठ्याचं मशीन माझ्या पैशाचं. सकाळी अकरा वाजता साईट बसते ती रात्रीच उठते. मी आणि माझी बायको रात्री दीडपर्यंत जागून केवायसी केल्यात, कारण तेव्हाच ओटीपी वेळेत येतो. त्या ओटीपीची मुदत दहा मिनिटं. बाई अंगणात उभी राहून ‘आला, आला’ ओरडते, आत येईपर्यंत साईट लॉगआऊट. फुकट म्हणायला मंत्रालयाचं काय जातं? फुकट कामाचे आम्हाला किती मिळतात ते विचारा. शून्य.

नर्मदाकाठ
अक्कलकुवावाले दादा, राग समजतो. पण आमच्या काठावरची माणसं बार्जमधून आणि मग जीपनं तुमच्या गावाला येतात. तुमच्याबद्दल बोलत नाही, पण एका केंद्रावर माझ्या चुलतीकडून केवायसीचे 100, झेरॉक्सचे 20 आणि ‘सर्व्हरचे’ 50 घेतले. सर्व्हरचे कसले पैसे? आणि शेवटी केवायसी झालीच नव्हती, पावती म्हणून हातात स्क्रीनचा फोटो दिला. पावरी बोलणारी बाई, तिला काय कळणार फोटोवर ‘त्रुटी’ लिहिलंय.

केंद्रचालक_अक्कलकुवा
असा माणूस असेल तर त्याचा आयडी बंद करा, मीच तक्रार लिहून देतो. पण एकामुळे सगळ्यांना चोर ठरवू नका.

नर्मदाकाठ
चोर म्हटलं नाही. दरपत्रक लावा म्हणतोय. भिंतीवर, मोठ्या अक्षरात, काय फुकट आणि कशाचे किती. तुमच्या केंद्रात आहे का?

केंद्रचालक_अक्कलकुवा
होतं. पावसात फाटलं.

वऱ्हाडी_बाई
मी अंगणवाडीत आहे जी, चिखलदऱ्याकडं. तुमचं दरपत्रकाचं भांडण चालू द्या, पण आमचंही ऐका. 2021 मध्ये राज्यभर आम्ही मोबाईल परत केले होते, आठवते का? दोन जीबीचा फोन, ॲप इंग्रजीत, फोन गरम होऊन बंद पडे. आता पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर आईचा चेहरा ओळखून द्या म्हणतात. चेहरा घेताना डोळे मिचकवायला लावते. लेकरू कडेवर रडून राहिलं, बाईनं डोळे मिचकवले तरी गोल फिरतच राहते. पाकीट माझ्या हातात आहे, बाई माझ्यासमोर उभी आहे, तिला मी बाळंतपणापासून ओळखते. तरी मी देऊ नाही शकत! मी देते. आणि नंतर वरून फोन येतो की नोंद काऊन नाही.

हिंजवडीकर
ताई, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. नेट नीट असतं तर चेहरा लगेच जुळला असता.

वऱ्हाडी_बाई
नाही जी. आमच्या गावात नेट आलं तरी उन्हाळ्यात निम्म्या बाया स्थलांतरावर असतात. त्यांचा चेहरा कुठून आणू? वही होती तेव्हा सासू आहार घेऊन जायची, सही करायची.

धारणीचा मास्तर
ताईंनी नेमकं सांगितलं. रोजगार हमीचं तसंच. 1 जानेवारी 2023 पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर घाम गाळलेला दिवस कोरा जातो. पूर्वी मस्टर, म्हणजे हजेरीची वही, चुकलं तर माणूस ग्रामसेवकाशी भांडू तरी शकत होता. आता भांडायचं कुणाशी?

हिंजवडीकर
मस्टरवर मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या लागत होत्या, ते विसरलात का मास्तर? कागदाचं एवढं कौतुक नको. माझ्या आजोबांचं नाव मस्टरवर होतं आणि पैसे दुसऱ्यानं उचलले. वहीच्या जमान्यात गरीब माणूस सुखी होता असं लिहू नका, मी त्या घरातून आलोय.

धारणीचा मास्तर
सुखी होता असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ॲपवरही फोटोचे फोटो काढून हजेऱ्या लागल्या, हे केंद्राच्या ग्रामविकास खात्यानंच 2025 च्या जुलैत राज्यांना कळवलंय. चोराला वाट सापडली, मजूर तेवढा अडकला.

नर्मदाकाठ
दोघंही एकमेकांचं अर्धंच ऐकताय. आमच्याकडं टॉवरच नाही अशी गावं आहेत. 2022 मध्ये देशातल्या 24,680 गावांना फोरजी देण्यासाठी 26,316 कोटी मंजूर झाले. मोबाईल कंपन्या महसुलातला 5 टक्के हिस्सा याच कामासाठी सरकारला देतात, म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच तो जातो. त्या निधीतून टॉवर उभारता येतो, तर गावात एक माणूस का ठेवता येत नाही? डिश हवी. वहीही हवी. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. हक्क आहे तर अडलेल्याची जबाबदारी खात्यावर, बाईवर नाही.

हिंजवडीकर
निधीतून माणूस ठेवण्याला माझी हरकत नाही. ‘डिश त्यानंतर’ याला आहे. भामरागडला त्यानंतर म्हणू नका.

धारणीचा मास्तर
ठीक. भामरागडला आधी डिश. धारणीला आधी माणूस. याहून पुढं मी सरकणार नाही.

केंद्रचालक_अक्कलकुवा
दरपत्रक उद्या पुन्हा लावतो, आणि केवायसीसमोर ‘मोफत’ लिहितो. काठावरच्या ज्या बायांचं काम अडलंय त्यांना सांगा, आधार आणि चालू नंबरचा मोबाईल दोन्ही घेऊन या. नवरा आणि वडील दोघंही गेलेल्या बायांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईंकडं द्यायचा.

नर्मदाकाठ
चुलतीला पाठवतो. रात्रीची बार्ज नसते, दिवसाची वेळ ठेवा.

केंद्रचालक_अक्कलकुवा
साईट दिवसा चालली तर दिवसा. नाही तर मुक्कामाला आमच्याकडं राहू दे त्यांना.