पालकसभा, इद्दत आणि 'सबर': माझं कुठं चुकलं?

गणिताची_बाई
कोल्हापुरात एका शाळेत गणित शिकवते, नववी 'ब' माझ्याकडे. जूनमध्ये वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले. उद्यमनगरात लेथवर होते. पाचव्या दिवशी पोरगा वर्गात हजर. डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हापासून गृहपाठाची पहिली दोन गणितं सोडवतो, पुढचं पान कोरं. ऑगस्टच्या पालकसभेला आई आली नाही. परत चिठ्ठी धाडली, तर मामा आला. म्हणाला, "ताई इद्दतमधी हाय बाई. सबर करायलोय आमी सगळी." मी तडकले. म्हटलं, सबर करून सहामाहीत पास होणार आहे का तो? मामा काही बोलला नाही, गेला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. सबर म्हणजे गप्प सोसणं, एवढंच मला ठाऊक. अशा घराशी शाळेनं वागायचं कसं?

रंकाळ्याचा_कट्टा
सुतकातल्या घराला कुणी पालकसभेची चिठ्ठी धाडतंय व्हय?

गणिताची_बाई
सुतक तेरा दिवसांचं. इथं दोन महिने झाले होते, म्हणून तर चिडले.

दसरा_चौक_पेन्शनर
बाई, मीही मास्तरच. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं, तिथं राहून वडील शिकले, म्हणून आमच्या घरात खडू आला.

नवरा गेलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची, कुरआनात सूरह बकरा या अध्यायात सांगितलेली. तेवढे दिवस ती शक्यतो घरातच राहते. गरजेला दिवसा बाहेर पडता येतं असं बरेच उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात, पण गल्लीचे डोळे उलेमांपेक्षा कडक असतात.

आता सबर. सूरह यूसुफ घ्या. याकूब अलैहिस्सलाम हे पैगंबर, यूसुफ त्यांचा मुलगा. यूसुफ मेला असं भासवायला बाकीची मुलं त्याचा रक्त लावलेला सदरा बापापुढं टाकतात, तेव्हा ते म्हणतात, 'सबरुन जमील', म्हणजे सुंदर सबर. आणि त्याच सूरहमध्ये यूसुफच्या दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले असंही आहे. पुढं हाच म्हातारा पोरांना सांगतो, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीची आस सोडू नका. यात गप्प बसणं कुठं आलं? तुमच्या त्या पोराला मात्र कुणीतरी 'आता तू मर्द, रडायचं नाही' म्हणून दटावलं असणार. आमच्यातही सबरचा असा उलटा अर्थ लावणारे चिक्कार.

पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षाच्या सुमारास आई, आठव्याच्या सुमारास आजोबा. मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळलं. पोरक्या पोराचा पालक असा बदलत जातो. तुमच्याकडं मामा आला होता ना? रजिस्टरात 'पालक गैरहजर' लिहिलं असेल तर आधी ते खोडा.

फॉल_पिको_राजारामपुरी
मी इद्दत काढलेली आहे. लोक येऊन 'सबर कर' म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. पोरांच्या अभ्यासाचं एकानंही विचारलं नाही. तुम्ही बाईमाणूस, सरळ घरी जा, कुणी अडवत नाही.

आणि पोराला विचारा की! कुरआनात इद्दतची जी आयत, म्हणजे वचन, आहे तिच्या अगदी आधीची आयत वाचा. बाळाचं दूध दोन वर्षांच्या आत तोडायचं तर आईबापानं एकमेकांचा सल्ला घ्यावा, असं आहे. दूध तोडायला सल्ला लागतो, आणि नववीच्या पोराचं त्याला न विचारताच ठरवायचं?

गणिताची_बाई
काल संध्याकाळी गेले होते. आधी मामाची माफी मागितली. "असूदे बाई," म्हणाला, आणि पंख्याचं तोंड माझ्याकडं फिरवलं. आई आतल्या खोलीत, मी तिथंच सतरंजीवर बसले. मग आजी, मामा, पोरगा असे सगळेच आत आले.

पोरगा रोज शाळा सुटली की मामाच्या वर्कशॉपला जायचा, रात्री नऊपर्यंत. मशीनला हात लावत नाही, तयार जॉब मोजतो. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपलं आपणच ठरवलेलं. मामाला वाटायचं अभ्यास शाळेत होतोय, मला वाटायचं घरी. हे बोलताना तो रडला. आजीनं त्याला गप्प करायला हात पुढं केला, तर आईनं तो धरून खाली ठेवला.

ठरलं ते असं: वर्कशॉप फक्त रविवारी, उरलेली गणितं शाळा सुटल्यावर अर्धा तास माझ्यापुढं, वहीवर सही मामाची. रविवार मी त्याच्याकडून सोडवून घेऊ शकले नाही. म्हणतो, "व्हर्नियर वाचाय येतोय मला, शून्य पूर्णांक शून्य दोनपर्यंत." व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, आकडा मिलिमीटरचा. वर्गातल्या निम्म्यांना दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते कळत नाही. सोमवारी व्हर्नियर घेऊन ये म्हटलंय.