कुंभार्ली घाटासाठी ऑटोमॅटिक घ्यायची आहे, गिअरबॉक्स कोणता? जुन्या गाडीच्या ऑइलबद्दलही विचारायचंय

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही कराडला राहतो, माझं माहेर चिपळूणजवळ. त्यामुळे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट हा रस्ता वर्षभर चालूच असतो. गणपतीत आणि शिमग्याला तर गाडी माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली. डाव्या गुडघ्याला आता क्लच झेपत नाही, डॉक्टरांनी ऑटोमॅटिकच घ्या म्हणून सांगितलंय.

शोरूममध्ये जावं तिथे "मॅडम, ही ऑटोमॅटिकच आहे" एवढंच उत्तर मिळतं. माहितीपत्रकात मात्र एकीकडे एएमटी, दुसरीकडे सीव्हीटी, तिसरीकडे डीसीटी, चौथीकडे नुसतंच सहा स्पीड एटी. किमतीही वेगवेगळ्या. घाटात ट्रक बंद पडला की भर चढावर थांबत थांबत जावं लागतं. अशा वापराला कोणता टिकेल?

दुसरं, जुनी गाडी आता लेक वापरणार आहे. २०१४ची पेट्रोल ग्रँड आय टेन. गेल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्यांनी "गाडी जुनी झाली, आता दाट ऑइल लागतं" म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आहे. तेव्हापासून सकाळी स्टार्ट केली की थोडा वेळ टकटक ऐकू येते. राहू दे की बदलू?

अजिंक्यतारा:

ताई, माझी एएमटी आहे, साताऱ्यात आणि हायवेला मी समाधानी आहे. ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच मिळतं आणि गाडी स्वस्तात आली. गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते, पण त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की झटका जाणवत नाही. खंबाटकी रात्री मोकळा असताना त्रास नाही. गर्दीत अडकलो तर मात्र चढावर पुढे सरकताना जपावं लागतं.

गिअरवाला_कोल्हापूर:

ताई, गिअरबॉक्स खोलणं हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिन फिरतंय आणि चाक थांबलंय, किंवा अगदी हळू फिरतंय, अशा वेळी मधे काहीतरी घसरावंच लागतं. जे घसरतं ते तापतं. घाटासाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न हाच, की तुमच्या गाडीत घसरणारी वस्तू कोणती आणि तिची उष्णता कशी बाहेर जाते?

एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो आणि क्लच प्लेटही तीच, कोरडी. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या पायाहाताऐवजी यंत्रणा बसवलेली. आपल्याकडे २०१४मध्ये सेलेरिओतून ही घराघरात पोचली. दुरुस्ती सोपी, खर्च कमी, सपाटीवर उत्तम. पण भरल्या गाडीने चढावर इंच इंच सरकायचं म्हणजे यंत्रणा सतत हाफ क्लचवर काम करणार. कित्येक जण चढावर ब्रेक न धरता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. ते केलं की क्लच प्लेट जळालीच म्हणून समजा. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय) असलं तरी ते दोनेक सेकंदच धरतं.

डीसीटीत दोन क्लच असतात, एकावर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. पुढचा गिअर आधीच तयार, म्हणून बदल झटकन होतो. चालवायला सगळ्यात मजा इथेच. यात कोरड्या क्लचचे आणि तेलात बुडालेल्या क्लचचे, असे दोन प्रकार. बुडालेल्याची उष्णता तेल वाहून नेतं, कोरड्याला ती सोय नाही. व्हेन्यू टर्बोमध्ये कोरडा आहे, नेक्सॉनच्या डीसीएमध्ये (डीसीटीचंच टाटाने दिलेलं नाव) ओला. शोरूममध्ये हे नक्की विचारा. सेल्समनला सांगता आलं नाही तर सर्व्हिस विभागात जाऊन विचारा, संकोच करू नका.

सीव्हीटीमध्ये पायऱ्यांसारखे गिअरच नाहीत. दोन पुली आणि मधे पोलादी पट्टा. पुलीची रुंदी कमी-जास्त होते आणि गुणोत्तर सलग बदलत जातं. शहरात याच्याइतकं गुळगुळीत काही नाही. चढावर मात्र जोरात दाबलं की इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं आणि वेग सावकाश वाढतो. बिघाड नाही तो, पण भरल्या गाडीत कंटाळा येतो. याचं तेल वेगळंच असतं, पट्टा आणि पुली यांची पकड त्या तेलावर ठरते. कुणी साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, भरलं तर गिअरबॉक्स गेला.

राहिला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे माहितीपत्रकातला तो "सहा स्पीड एटी". इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणाऱ्या प्लेटऐवजी तेल असतं. इंजिनाच्या बाजूचं पात्यांचं चाक तेल फेकतं, त्या जोरावर गिअरबॉक्सच्या बाजूचं चाक फिरतं. गाडी उभी असताना घसरतं ते तेल, आणि ते कूलरमधून थंड होत राहतं. शिवाय निघताना टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वाढवूनच मिळतो, म्हणून भरली गाडी चढावर न कुरकुरता उचलते. वेग घेतला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, त्यामुळे ॲव्हरेजची जुनी तक्रारही आता बरीच कमी झालीय. किंमत एएमटीपेक्षा जास्त आहे, पण तुमच्या रस्त्याला आणि गुडघ्याला मी हाच सांगेन. ब्रेझात हा आहे, पेट्रोल एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये आहे. फ्रॉन्क्स बघणार असाल तर सांभाळून: १.२ इंजिनाला एएमटी आहे, १.० टर्बोला टॉर्क कन्व्हर्टर. दोन्ही "ऑटोमॅटिक" म्हणूनच विकतात.

आता ऑइल. ताई, ते २०डब्ल्यू-५० काढून टाका, वाट बघू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला असलेला दाटपणा. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ५०चं १६.३ ते २१.९. म्हणजे फरक थोडाथोडका नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून पहिला आकडा बिनकामाचा, असं गॅरेजात सर्रास ऐकाल. पण रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन काम करतानाच्या मानाने थंडच असतं, आणि दाट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उशिरा पोचतं. तुमची सकाळची टकटक त्यातली असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय नव्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं, त्या वाटा बारीक असतात. गाडी जुनी झाली म्हणून इंजिनाची रचना बदलत नाही. ऑइल खरोखर जळत असेल, डिपस्टिकवर पातळी उतरत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पुस्तकातल्या तक्त्यात बसणारी पुढची ग्रेड घ्यायची, थेट ५० नाही.

डब्यावर ग्रेडइतकंच एपीआयचं, म्हणजे ऑइलच्या दर्जाच्या अमेरिकन मानकाचं, अक्षर बघा. पेट्रोलला एस ने सुरू होणारं. एसपी २०२०मध्ये आलं आणि जुन्या एसएल, एसएम, एसएन मागणाऱ्या गाड्यांनाही चालतं. ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, सोबत नवा फिल्टर. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, बनावट ऑइल भरायला असेच डबे गोळा होतात.

मुठाकाठचा:

क्लच तापण्याच्या वरच्या मुद्द्याला दुजोरा. माझी कोरड्या क्लचची डीसीटी आहे. एक्स्प्रेसवेला सुंदर पळते, पण सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या कोंडीत गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येऊन गेलाय. आता पुढच्या गाडीपासून थोडी जागा सुटेपर्यंत ब्रेक पूर्ण दाबून थांबतो आणि मगच सरकतो. दादा, डिझेलवाल्यांसाठीही लिहा ना, भावाची बीएस६ डिझेल आहे.

गिअरवाला_कोल्हापूर:

बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर, असतो. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर राख फिल्टरात साठते आणि ती जळून जात नाही. पुस्तकात एसीईए (ऑइलचं युरोपियन मानक) सी२, सी३ असं जे लिहिलं असेल तेच भरा. गाडी फक्त गावात छोट्या फेऱ्या मारत असेल तर डिपस्टिक अधूनमधून बघा. पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय.

कोयनाकाठ:

दादा, मनापासून आभार. ऑइल उद्याच बदलून घेते. एक शंका राहिली: चिपळूणला जाताना घाट पूर्ण उताराचा आहे. मॅन्युअलला मी दुसऱ्या गिअरवर उतरते. ऑटोमॅटिकमध्ये ते जमतं का? आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं?

गिअरवाला_कोल्हापूर:

जमतं ताई, आणि तसंच उतरायचं. हेळवाक सोडलं की एम (हाताने गिअर बदलायचा) मोड घ्या किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर टाका. इंजिन गाडी धरून ठेवेल, ब्रेक फक्त वळणाआधी लावायचा. सीव्हीटी असेल तर लिव्हर एल किंवा एस वर टाका. डी वर ठेवून सारखा ब्रेक दाबत उतरलं तर पोफळीपर्यंत ब्रेक तापतात. न्यूट्रलवर तर कधीच नाही.

गिअरबॉक्सचं तेल: काही पुस्तकांत "बदलायची गरज नाही" लिहिलेलं असतं, पण त्याच पुस्तकात घाट, ओझं, कोंडी अशा कठीण वापराचा वेगळा तक्ता आहे का ते शोधा. असेल तर तुम्ही त्याच तक्त्यात बसता. बदलताना कंपनीने सांगितलेलं तेल आणा आणि बिलावर त्याचं पूर्ण नाव लिहून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह घेताना घरची चार माणसं बसवा आणि गाडी एखाद्या खऱ्या चढावर न्या. तिथे पूर्ण थांबा, ब्रेक सोडा, पुन्हा निघा. शोरूमभोवतीच्या सपाट चक्करवर सही करू नका.