मदत हवी आहे: ब्लड अगारवर बीटा हीमोलिसिस दिसेना

काचपट्टी (मुलुंड):
नमस्कार मंडळी. घशाचे स्वॅब ब्लड अगारवर (जिवाणू वाढवायचं रक्त मिसळलेलं माध्यम) लावतोय. बीटा हीमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी पूर्ण फुटून कॉलनीभोवती पडणारं पारदर्शक वलय, दिसत नाही. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसचा (घशाच्या संसर्गाचा जिवाणू, ग्रुप ए) कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे पडताळणीचा ओळखीचा नमुनासुद्धा हिरवट, धूसर कडा दाखवतो. रक्त ब्लड बँकेच्या मुदत संपलेल्या पिशवीतलं, 5 टक्के. 37 अंश, 24 तास. पावसाळा लागल्यापासून झाकणाला पाणी सुटून कॉलन्या एकमेकींत मिसळतात, ते वेगळंच. चुकतंय कुठे?

निळं_झाकण:
पिशवीत! तिच्यातलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) काही स्ट्रेप्टोकोकायना दाबतं. वर माणसाच्या रक्तात एएसओ (अँटिस्ट्रेप्टोलायसिन ओ) अँटिबॉडी असू शकतात, आणि त्या नेमक्या स्ट्रेप्टोलायसिन ओ, म्हणजे या जिवाणूचं रक्तपेशी फोडणारं विष, निकामी करतात. हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका आहेच. मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठवणारं फायब्रिन काढलेलं) रक्त तयार विकत घ्या. देवनारच्या कत्तलखान्यातून आणून काचमणी घालून हलवायचा मोह नको, निर्जंतुक राहणं कठीण.
बेस (रक्त घालण्याआधीचं अगार) बिनग्लुकोजचा आहे ना, डब्यावर बघा. ग्लुकोज आंबून हिरवट छटा येते. 475 मिली बेस 121 अंशांवर 15 मिनिटं, मग वॉटर बाथमध्ये 45 ते 50 अंशांवर आणून 25 मिली रक्त. याहून गरम बेसमध्ये घातलंत तर तपकिरी होतं. 90 मिमीच्या प्लेटला 18 ते 20 मिली.

लूप_आणि_लॅटेक्स:
स्ट्रीक करताना (नमुना रेघांनी पसरवताना) लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, अगारात दोन-तीन तिरके काप द्या. स्ट्रेप्टोलायसिन ओ हवेतल्या ऑक्सिजनने मरगळतं, कापात खोल उतरलं की स्वच्छ कडा उमटते. प्लेट उजेडासमोर धरून वाचा: कॉलनी टाचणीच्या टोकाएवढी, भोवतीचं पारदर्शक वलय तिच्या कितीतरी पट. 24 तासांत नसेल तर 48 तास ठेवा, तोवर निगेटिव्ह लिहू नका.
पाण्यासाठी: अगार फार गरम ओतू नका. फ्रिजमधली प्लेट लावण्याआधी उलटी, झाकण किंचित सरकवून इन्क्युबेटरमध्ये 15-20 मिनिटं. पंख्याखाली उघडी ठेवलीत की बॅसिलस बसतो, आणि त्याचं वलयही बऱ्याचदा बीटाच असतं! ग्राम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून खात्री करा. प्रत्येक बॅचची एक कोरी प्लेट रात्रभर 37 अंशांवर ठेवून बघायची.

काचपट्टी:
आभार. पायोजेनिस ओळखायची बॅसिट्रॅसिन (अँटिबायोटिक) डिस्क थेट स्वॅबच्या प्लेटवर टाकली तर?

निळं_झाकण:
मिश्र वाढीत झोन (डिस्कभोवतीची वाढ न झालेली जागा) फसवतो. शुद्ध कॉलनी दुसऱ्या प्लेटवर गच्च पसरवून 0.04 युनिटची डिस्क ठेवा. 10 युनिटची घेऊ नका, तिने अनेक जिवाणू दबतात. ग्रुप सी आणि जीचे काही स्ट्रेनही झोन देतात, म्हणून रिपोर्टआधी पीवायआर (एन्झाइमची चाचणी) किंवा लॅटेक्स (ग्रुप ओळखायची चाचणी) करा.