मदत हवी आहे: लॅटिन अमेरिकेत डावी लाट पसरली कशी?

अबोली_७: परवा बोलायचंय आणि सुरुवातच सुचत नाहीये. जिथे बघावं तिथे व्हेनेझुएलाचे चावेझ, मग ब्राझीलचे लुला, मग बोलिव्हियाचे मोरालेस, नुसती जंत्री. एकामागून एक देशात डावी सरकारं निवडून आली, ती लाट पसरली कशी ते कुणी सांगेल का? घाई आहे.

सदाफुली: कुठे बोलायचंय, किती वेळ? आणि लाट कुठली? 1998 नंतरची, की 2018 ला मेक्सिकोत लोपेझ ओब्राडोर आले तेव्हापासूनची?

जुना खडू: क्युबापासून सुरू करा. 1959 ची क्रांती कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

सदाफुली: तिथे बंदुकीने सत्ता आली, इथे मतपेटीतून. एकत्र केलंत तर सगळा घोळ होईल.

अबोली_७: अहो, पहिलीच लाट! वाचनगटात, 20 मिनिटं.

रानवारा: नेते बाजूला ठेवा, बोलिव्हियातलं कोचाबांबा घ्या. 1999 मध्ये शहराचं पाणी खासगी कंत्राटात गेलं. काहींची बिलं दुप्पट झाली. वस्त्यांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही गदा आली. कामगार, शेतकरी, कोका पिकवणारे, सगळे रस्त्यावर उतरले आणि एप्रिल 2000 मध्ये करार रद्द करायला लावला. 2003 मध्ये तिथल्याच एल आल्तो शहरात गॅसवरून उठाव झाला, राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. कोका उत्पादकांचे नेते मोरालेस 2005 मध्ये जिंकले ते याच जोरावर.

हिशेबनीस: हे भाबडं आहे. चीनची मागणी वाढली, तेल, तांबं, सोयाबीनचे भाव चढले, म्हणून वाटायला पैसा आला. 2014 ला तेल कोसळलं आणि लाट ओसरायला लागली.

रानवारा: भावांनी सरकारं टिकली, आली नाहीत. डिसेंबर 1998 मध्ये चावेझ निवडून आले तेव्हा तेल पार पडलेलं होतं. त्याआधी फेब्रुवारी 1989 मध्ये बसभाडं वाढलं म्हणून व्हेनेझुएलाची राजधानी काराकास पेटलं, शेकडो माणसं मारली गेली. ती माणसं तुमच्या हिशेबात कुठे बसतात?

मुशाफिर: मी स्पॅनिश शिकवते. भाषा शिकलात तर मुळातून वाचता येईल, खूप फरक पडतो.

अबोली_७: ताई, परवा आहे हो! रानवारा, पाण्यापासूनच सुरू करते. पण बोलिव्हियातलं हे ब्राझीलला पोचलं कसं?

रानवारा: पोचलं नाहीच. लुला 2002 मध्येच जिंकले होते. ब्राझीलची मुळं वेगळी: साओ पाउलोजवळचे 1978 पासूनचे धातुकामगारांचे संप, 1980 चा कामगार पक्ष, 1984 पासूनची भूमिहीनांची चळवळ. सगळीकडे सारखं होतं ते कर्ज, आणि कर्जापायी आलेली खर्चकपात नि खासगीकरण. जिथे जे हिसकावलं गेलं, तिथे त्यावरून लोक उठले.

सदाफुली: अर्जेंटिना विसरू नका. डिसेंबर 2001, बँकेतले स्वतःचेच पैसे काढता येईनात, लोक घरची भांडी बडवत बाहेर पडले.

अबोली_७: मग शीर्षकातलं ‘पसरली’ खोडते.