बोटीच्या पंख्याचा हब सारखा सुटतोय. उसळत्या समुद्रात थ्रॉटल कसा धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो. उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे. लोखंड कळतं, समुद्र कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार?

आम्ही चौघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी गोव्यात एक जुनी स्पीडबोट घेतली. २६ फुटी, तळ खोल व्ही आकाराचा, अगदी मागच्या टोकालाही २४ अंशांचा उतार. मागे २५० हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड इंजिन आणि दोन ट्रिम टॅब (मागच्या कडेला खाली-वर होणाऱ्या पट्ट्या). बोट वेंगुर्ल्याला असते. शनिवारी शॉप बंद केलं की आंबोली घाट उतरायचा, रविवारी रात्री परत.

हे वेड माझ्या भाच्याचं. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा तो शाळेत होता. खानापुराहून अक्काने त्याला माझ्याकडे पाठवलं आणि मी त्याला घेऊन गेलो. त्या २८ फुटी बोटी, प्रत्येकीत दोघं. पोरगा तीन दिवस कठड्यावरून हलला नाही. परतताना बसमध्ये म्हणाला, "मामा, आपण पण करायचं." तेव्हापासून तो आणि मी, दोघांच्याही डोक्यातून ते गेलेलं नाही.

आता अडचण. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी सपाट, बोट ४० नॉटवर सुरेख पळते. दुपारी वायव्येचा वारा सुटला की मीटर-सव्वा मीटरच्या आखूड लाटा उठतात. त्यांच्यावर २५-२८ नॉटने गेलं तरी बोट हवेत जाते. पंखा पाण्याबाहेर, इंजिन किंचाळतं, लिमिटर (फेरे आपोआप रोखणारा) लागतो, आणि खाली आपटली की मागून 'खाड्' असा आवाज. डिसेंबरमध्ये पंख्याच्या हबमधलं, म्हणजे मधल्या गोलातलं, रबर सुटलं. नवीन टाकलं. फेब्रुवारीत परत सुटलं. एप्रिलमध्ये खालचा गिअरबॉक्स स्वतः उघडला तर पिनियनचे (लहान गिअरचे) दोन दात उडालेले आणि शाफ्टच्या स्प्लाइनला (टोकाच्या खाचांना) पीळ पडलेला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

माझा विचार असा, की ईएन-२४ या मजबूत पोलादाचा शाफ्ट करून हार्डनिंग करून घ्यावा आणि रबराच्या जागी ब्राँझचा भरीव हब ठोकावा. हे सगळं माझ्याच शॉपमध्ये होईल. करू का?

आणि दुसरं, जे लिहायला जड जातंय. एप्रिलमधल्या त्या दिवशी वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. निघायलाच साडेबारा वाजले. स्टिअरिंग आणि थ्रॉटल दोन्ही माझ्या हातात, भाचा शेजारच्या बाकावर बसलेला. समोरून लाटा. एका लाटेवरून बोट उडाली आणि पुढच्या लाटेच्या पोटात सपाट आपटली. पोरगा ओरडला नाही, नुसता श्वास अडकल्यासारखा बसून राहिला. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला. तीन महिने पट्टा. अक्का माझ्याशी धड बोलत नाही आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पोरगा मात्र विचारतोय, नारळी पौर्णिमेनंतर जायचं ना?

माझं काय चुकतंय? बोट, लोखंड की माझा हात?

प्रतिसाद १ (मालवणहून)

दादा, आधी हबचं सांगतो. भरीव हब अजिबात बसवू नका. ते रबर सुटावं म्हणूनच ठेवलेलं असतं. तुमच्या मशीनवर शिअर पिन असते ना, जास्त जोर आला की आधी स्वतः तुटणारी, तेच काम. पंखा पाण्याला धरताना जो झटका बसतो तो रबर खातं. ते घट्ट केलंत तर झटका थेट गिअरवर जाणार. तुमच्या बाबतीत रबर असतानाही तो पिनियनपर्यंत गेलाय, म्हणजे झटके किती मोठे बसतायत बघा. आणि ईएन-२४ खाऱ्या पाण्यात गंजतं. शाफ्ट कंपनीचाच स्टेनलेसचा घ्या. पीळ पडलेला परत वापरू नका.

साडेबाराला बाहेर निघालात हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये त्या वेळेला बोटी आत येत असतात. पहाटे निघा, अकराच्या आत बंदरात.

प्रतिसाद २

मी सहा वर्षं आखातात रेस बोटींच्या पिटमध्ये काम केलं. आता निपाणीला असतो. काका, तुमच्या वर्णनात एक शब्द सापडला: "किंचाळतं". इंजिन किंचाळल्यावर तुम्ही हात मागे घेता, बरोबर? तिथेच घोळ आहे. आवाज कानावर येईपर्यंत फेरे चढून गेलेले असतात. पंखा रिकामा फिरतोय आणि त्याच अवस्थेत पाण्यात घुसतोय. तुमचा 'खाड्' तो.

हात डोळ्यांनी चालवायचा, कानांनी नाही. लाटेचा माथा बोटीच्या पोटाखाली आला आणि पुढचं टोक आभाळाकडे निघालं की, पंखा अजून पाण्यातच असताना, थ्रॉटल थोडा मागे. पूर्ण बंद नाही! पूर्ण बंद केलात तर पुढचं टोक खाली पडतं आणि समोरच्या लाटेत खुपसतं, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट. बोट खाली बसली, पंख्याने पाणी धरलं, की परत पुढे. हे मिनिटाला दहा-पंधरा वेळा करावं लागतं. एक हात सुकाणूवर, एक थ्रॉटलवर आणि डोळे दिशेवर, असं एकट्याला जमत नाही. म्हणून तर मोठ्या ऑफशोअर बोटींत एक जण फक्त सुकाणू धरतो आणि दुसरा फक्त थ्रॉटल. मरीन ड्राइव्हला प्रत्येक बोटीत दोघं दिसले ते उगाच नाही. तुमच्याकडे दोघं होतात, पण एक जण सामानासारखा बसून होता. रागावू नका, काळजीने लिहितोय.

तळाबद्दलही बोललं पाहिजे. खोल व्हीचं नाव झालं ते १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत. रे हंट यांनी आखलेल्या तळाची मॉपी ही बोट घेऊन डिक बर्ट्राम खवळलेल्या समुद्रात जिंकले. पण तो तळ मऊ कधी, तर त्याची धार पाण्याला भेटते तेव्हा. तुमची बोट नाक वर करून उडते आणि मागच्या रुंद भागावर बसते. समोरून लाट असेल तेव्हा इंजिनचा ट्रिम (कलण्याचा कोन) आत घ्या, दोन्ही टॅब थोडे खाली, म्हणजे नाक खाली राहून धार लाट कापेल. लाटेला सरळ छाती देऊ नका, तीस-चाळीस अंश तिरके जा. दोन लाटांमधलं अंतर तेवढंच वाढतं. परतताना लाट पाठीमागून असेल तेव्हा बरोबर उलटं: टॅब वर, नाक हलकं. नाक खाली ठेवून लाट उतरलात तर बोट गर्रकन आडवी होते. आणि बाजूने वारा असेल तर खोल व्ही वाऱ्याकडेच कलते. वाऱ्याकडचा टॅब खाली केला की ती बाजू उचलली जाते.

रेडी बंदराच्या बाजूला जहाज जाताना दिसलं तर त्याच्या मागची लाट वाऱ्याच्या लाटेसारखी समजू नका. १९८७ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळच्या शर्यतीत कोलिब्री ही बोट एका तेलवाहू जहाजाच्या लाटेवर वेगात चढली आणि उलटली. दिदिए पिरोनी, पूर्वीचे फॉर्म्युला वनचे चालक, आणि त्यांचे दोन्ही साथीदार गेले. कसलेली माणसं होती ती.

प्रतिसाद ३

मी बेळगावातच फिजिओथेरपिस्ट आहे. दादा, भाचा बसलेला होता, हाच मुद्दा. बसल्यावर खालून आलेला धक्का थेट मणक्यांच्या रांगेत जातो. पाय दुमडलेले असले तरी गुडघे त्यातलं काहीच घेत नाहीत. आणि छाती नि कंबर जिथे जोडतात, तिथलाच मणका सहसा दबतो. उभं राहायचं, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे वाकवलेले आणि मोकळे, हाताने घट्ट पकड. बोटीत मागच्या भागात धक्का कमी, पुढे सगळ्यात जास्त. झटका शोषणाऱ्या सीट मिळतात, पण त्याही गुडघ्यांची जागा पूर्ण घेत नाहीत.

नारळी पौर्णिमा विसरा. पट्टा निघाला म्हणजे मणका तयार झाला असं नाही. पाठीचे आणि पोटाचे स्नायू बांधायलाच काही महिने जातील. त्याच्या डॉक्टरांना "स्पीडबोटीवर कधी जाऊ" असं स्पष्ट शब्दांत विचारा. नुसतं "कामावर कधी जाऊ" विचारलंत तर उत्तर ऑफिसच्या खुर्चीसाठीचं मिळेल.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. शिअर पिनचं वाचलं आणि लगेच उमगलं. वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतोय की पिन तुटते म्हणून जाड पिन घालू नका, आणि स्वतःच्या बोटीत तेच करायला निघालो होतो. ब्राँझचा गोळा परत रॅकवर ठेवला.

आवाज ऐकून हात मागे घेतो हेही खरं आहे. शॉपमध्ये सगळं कानाने चालतं. लेथचा आवाज बदलला की फीड कमी करायचा, हात तसाच घडलाय. ही सवय कशी मोडायची? आणि एप्रिलमध्ये अंदाजात लाट एक मीटर लिहिली होती, आम्हाला मिळाल्या त्यातली एखादी नक्की दीड-पावणेदोन होती. अंदाज चुकला होता का?

प्रतिसाद १ (मालवणहून)

चुकला नव्हता. इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या समुद्राच्या अंदाजात जी उंची असते ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येते, आणि बोट मोडते ती एखादीच. एक मीटर लिहिलं असेल तर दोनची तयारी ठेवूनच निघायचं. आकड्याइतकंच दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. उंची तीच असून अंतर आखूड असेल तर समुद्र जास्त खडबडीत.

सवय मोडायची तर सुरुवातीला वेग पंधरा नॉटवर आणा. बोट हवेत जाता कामा नये. तिथे फक्त माथा आला की हात मागे, बसली की पुढे. सुकाणू दुसऱ्याकडे द्या. किल कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी) पायाला किंवा जॅकेटला अडकवलेली, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलेलं, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर लावलेला. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा. जून-जुलैत मासेमारीच्या बोटीही बंद, त्यामुळे बाहेर मदतीलाही कुणी नसतं. तेव्हा बोट बाहेर काढू नका. सप्टेंबर संपताना या इकडे. मी दोन रविवार बरोबर येतो, थ्रॉटल तुम्ही धरा, सुकाणू मी.

धागाकर्ता

येतो. नक्की येतो. पिनियन, शाफ्ट आणि हब कंपनीचेच मागवलेत, जूनमध्ये बसवून ठेवतो.

काल खानापूरला गेलो होतो. फिजिओथेरपिस्ट ताईंचा प्रतिसाद अक्काला वाचून दाखवला, पूर्ण. ती काही बोलली नाही, पण जेवायला वाढलं. पोराला सांगितलं की या वर्षी तू धक्क्यावरच, मालवणच्या दादांबरोबर मी एकटा जाणार. तो गप्प झाला. मग थोड्या वेळाने वही घेऊन आला आणि कोणत्या दिवशी किती उंचीची, किती सेकंदांची लाट हे अंदाजातून उतरवायला बसला. रोज लिहिणार म्हणतोय. पुढच्या महिन्यात एक्स-रे आहे, काय निघतं ते इथेच कळवतो.